दहावं भावंड

१२ नोव्हेंबर २००७

पोचले एकदाची! नागपूरहून निघालेल्या ट्रॅव्हल्सने सकाळी खराडी बायपासला उतरवलं, तेव्हा एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईने दिलेला चिवड्याचा डबा, आणि थंडीने दात वाजताहेत. चंद्रपूरच्या पोरीला अशी थंडी म्हणजे चैनच. रिक्षावाल्याने मला तीनदा गोल फिरवलं आणि वर पत्ता नीट लिहून आणायला शिका असं सुनावलं. पुण्याबद्दल ऐकलेलं सगळं खरं निघणार असं दिसतंय.

खोली मात्र झकास आहे. घरमालकीण मुक्ताई. त्यांची शेती आयटी पार्कात गेली, तिच्या बदल्यात ही तीन मजली इमारत उभी राहिली आणि खाली गोठ्यात दोन म्हशी उरल्या. “जमीन गेली, म्हशी हायेत,” अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. दूध त्यांच्याकडूनच घ्यायचं, पिशवीचं आणलेलं दिसता कामा नये, ही अट.

ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ. काचेची इमारत, सहावा मजला, दारावर ‘ऋतुवेध’ अशी पाटी. आमच्या प्रमुख मंदाकिनी परचुरे मॅडम, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन इथे आलेल्या. माझा अर्ज बघून म्हणाल्या, चंद्रपूर का, म्हणजे उन्हाची तक्रार करणार नाही, चांगलं आहे. माझ्याशिवाय या कामावर दुसरा एकच जण, तेजस. मूळचा पुण्याचा, अर्धं इंग्रजी बोलणारा, आणि सतत बाटलीतून पाणी पिणारा. ओठ इतके फुटलेले की हसताना त्याला त्रास होतो. त्याने माझी जागा दाखवली. तिथे आधी आनंद नावाचा मुलगा बसायचा. तो कुठे गेला असं विचारलं, तर तेजसने चहा घेणार का असं मला उलट विचारलं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. जय भीम, मैत्री, जेवली का, खोलीला खिडकी आहे का. बाबा बल्हारशा लाईनवर गँगमन आहेत. उन्हाळ्यात रूळ तापून वाकतात, म्हणून भर दुपारी हातोडा घेऊन रुळांकडेने चालत जायचं, हे त्यांचं काम. लहानपणी सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि ते सावलीला टेकलेले असताना त्यांच्या पायांकडे बघत बसायची. मी हवामानच का शिकले असं लोक विचारतात. त्या पायांसाठी शिकले, पण असं कुणाला सांगता येत नाही.

१६ नोव्हेंबर

काम आवडलं. उद्या पाऊस पडेल का ते सांगणारे वेगळे. आम्ही सांगतो की पुढचा अख्खा महिना नेहमीपेक्षा किती गरम किंवा किती थंड जाणार, आणि तेही नकाशावर पाडलेल्या प्रत्येक चौकोनासाठी वेगळं. आइस्क्रीमवाले, बियाणंवाले, वीजवाले, सगळे हा अंदाज विकत घेतात. उद्याचं धड सांगता येत नाही, महिन्याचं काय सांगता, असं म्हणून माझा मोठा भाऊ प्रज्ञेशदादा मला नेहमी चिडवतो. पण आपल्या उष्ण कटिबंधात हवा आठवड्याभरात सगळं विसरते, समुद्र मात्र महिनोन्‌महिने काही विसरत नाही. आमचं मॉडेल समुद्राच्या त्या आठवणीवर चालतं. दादाला हे सांगितलं की तो जांभई देतो.

मॉडेल एकदा चालवून भागत नाही. सुरुवातीच्या आकड्यांत केसभर फरक करून तेच दहा वेळा चालवायचं. दहा उत्तरं येतात आणि त्यांची सरासरी म्हणजे आमचा अंदाज. इथे त्या दहांना ‘भावंडं’ म्हणतात. त्यांतलं एखादं वाह्यात निघतंच, म्हणून महिनाअखेर एकाने आपलं नाव टाकून बसायचं, दहा नकाशे बघायचे आणि वाह्यात भावंड काढून टाकायचं. या कामाला ‘निवडणं’ म्हणतात, आपण तांदूळ निवडतो ना, तसं. ते सर्वांत नव्या माणसाने करायचं ही मॅडमची शिस्त. निर्णयाला नाव असावं आणि नव्या माणसाला चटका बसावा, असं त्यांचं म्हणणं. कुणीच निवडलं नाही तर दहाही भावंडं सरासरीत जातात आणि अंदाज आपोआप गिऱ्हाइकांकडे रवाना होतो.

३० नोव्हेंबर

आज पहिल्यांदा निवडलं. नाव टाकल्यावर दहा नकाशे उघडले. नऊ फिकट, शहाण्यासारखे. दहाव्यावर एकच लालभडक डाग, बाकी देश थंडगार. नीट बघितलं तर डाग बरोब्बर आमच्या चंद्रपूरच्या चौकोनात! नेहमीपेक्षा नऊ अंश जास्त. मला इतकं हसू आलं की मी तेजसला हाक मारली, बघ, माझ्या पाठोपाठ माझं गाव आलं. तो उठून आला, डाग बघितला, आणि काय कोण जाणे, खुर्चीची पाठ धरून उभाच राहिला. मग म्हणाला, काढ आणि मोकळी हो, रुटीन आहे. मी काढलं.

१८ डिसेंबर

पुणं गारठलंय. रस्त्यावर सगळे कानटोप्या घालून फिरताहेत, आणि मी सुती कुडत्यात. मुक्ताई रोज सकाळी आंघोळीला गरम पाणी ठेवतात, मी गारच घेते. ऑफिसात तीनदा एसी वाढवला, तर मॅडम म्हणाल्या की हवामान आपल्या सोयीने बदलत नसतं, निदान या ऑफिसात तरी हे सगळ्यांना ठाऊक असावं. मी ओशाळले.

पण मला खरंच उकडतंय. घामाने पाठ चिकटते. आईला सांगितलं तर म्हणाली, पाणी मानवलं नसेल.

३१ डिसेंबर

जानेवारीसाठी निवडलं. नऊ शहाणी, दहावं तसंच. डाग पुन्हा चंद्रपूरवर, आता अकरा अंश. मागे वळून बघितलं तर तेजस माझ्याकडेच बघत होता. काढून टाकलं.

त्याचे ओठ आता बरे झालेत. पाण्याची बाटली टेबलावर दिसत नाही, रंगही उजळलाय. नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला मी हात पुढे केला, तर त्याने लांबूनच नमस्कार केला.

१५ जानेवारी २००८

विचित्र गोष्टी होताहेत. खालून दुधाचं भांडं घेऊन दोन जिने चढेपर्यंत दूध नासतं. तीन वेळा झालं. मुक्ताईंना वाटलं मी त्यांच्या म्हशीला नावं ठेवतेय. “माझ्या म्हशीचं दूध आजवर कुणाच्या घरी फाटलं न्हाई,” म्हणून त्या स्वतः माझ्यासोबत वर आल्या आणि माझ्या हातातलं भांडं उघडलं. दह्यासारखं झालेलं. त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि पटकन काढून घेतला. पोरी, तुझ्या अंगात चूल हाय का, असं म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

ऑफिसात एक साधा काचेचा तापमापक पडलेला असतो. तो तेजसच्या टेबलावर ठेवला, चोवीस. माझ्या टेबलावर ठेवला, तर पारा चढत राहिला आणि एकोणचाळीसला थांबला. मी जागेवरून उठून गेले, तसा उतरला.

१९ जानेवारी

डॉक्टरकडे जाऊन आले. ताप नाही. अंगाचं तापमान अगदी बिनचूक. मानेवर पुरळ आहे, ते घामोळं म्हणाले. जानेवारीत घामोळं कसं, असं विचारलं, तर म्हणाले की लोकरीचे कपडे घालत असाल. मी बिनबाह्यांच्या कुडत्यात त्यांच्यासमोर बसले होते!

८ फेब्रुवारी

फेब्रुवारीसाठीही काढून टाकलं होतं. आता दिवसा बाहेर पडले की अंगाची लाही लाही होते आणि सावलीत गेलं तरी सावली लागत नाही. हे ऊन मला ओळखीचं आहे, हीच भीती वाटते. वाऱ्याला भाजलेल्या मातीचा वास, तोंडात लोखंडी चव. रुळांशेजारचं ऊन आहे हे. पुण्यात असं ऊन नसतं.

गोठ्यासमोरून गेले की म्हशी दावं ताणून भिंतीकडे सरकतात. मुक्ताईंनी दूध आता भाचीच्या हातून पाठवायला सुरुवात केलीय. घरी काही सांगितलं नाही. बाबा उगाच सुट्टी टाकून येतील.

२९ फेब्रुवारी

आज मी मॅडमशी वाद घातला, आणि त्याबद्दल मला अभिमान आहे. त्या दहाव्या भावंडाचे सुरुवातीचे सगळे आकडे मी चार दिवस तपासले. एकही चूक नाही. गणित सरळ आहे. आपण त्याला काढतो ते केवळ ते आपल्याला आवडत नाही म्हणून, आणि हे काही शास्त्र नव्हे. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, ठेवा, नाव तुमचंच आहे. तेजस मधेच उठला. नको ठेवूस, मैत्री, असं म्हणाला. का, असं मी विचारलं, तर तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

डाग चंद्रपूरवरच होता, तेरा अंश. सरासरीत त्याचा वाटा किती, जेमतेम सव्वा अंश. सव्वा अंशाने कोणाचं काय बिघडतं?

ठेवलं.

४ मार्च

गार! गार, गार, गार! पहिल्या तारखेला जाग आली ती थंडी वाजून. पांघरुणासाठी बॅग उपसली. दुधाला उकळी आणावी लागली. मुक्ताईंच्या म्हशीने माझा हात चाटला. तीन महिन्यांत पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. पुण्याचा मार्च इतका छान असतो, मग ही माणसं रडतात कशाला?

११ मार्च

दादाचा फोन. बाबा रुळावर पडले. सोबतचे जयसिंगकाका गेले. जागच्या जागी.

मार्चमध्ये. होळीसुद्धा झालेली नाही. आपल्याकडे असं ऊन मे महिन्यातही पडलं नव्हतं, असं दादा म्हणत होता. मी सव्वा अंश पाठवला होता आणि तिकडे तेराच्या तेरा पोचले. रात्रीची गाडी धरतेय.

१३ मार्च, चंद्रपूर

गाडीतून उतरले आणि मला भोवळ आली. उन्हाने नाही, ओळख पटल्याने. तीच हवा. जानेवारीत माझ्या टेबलाशी होती, फेब्रुवारीत माझ्या पाठीवर होती, तीच आता अख्ख्या गावावर पसरलीय. सरकारी दवाखान्यात खाटा पुरत नाहीत. बाबांना सलाईन लावलंय. तळपाय सोललेत. मला बघून म्हणाले, “काहून आली एवढ्या दूर? मी तं ठीक आहो.” जयसिंगकाकांची बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. मला जवळ घेऊन म्हणाली, पोरी, तू तर हवामानातली, तुला आधी कळलं नाही का गं?

मला कळलं होतं. मीच पाठवलं होतं.

१९ मार्च

परत आले. तेजसला ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर गाठलं आणि सगळं सांगेपर्यंत उठू देणार नाही म्हटलं. चहा गार झाला तरी त्याने पेला उचलला नाही.

जो नाव टाकतो, त्याच्या गावावर तो डाग बसतो, म्हणाला. काढला तर ती उष्णता काढणाऱ्याच्या वाट्याला येते, ठेवला किंवा कुणी निवडलंच नाही तर गावाच्या. आनंद उस्मानाबादकडचा. तो दर महिन्याला मुकाट्याने काढत राहिला, कारण घरी आई एकटी. जुलैत, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, खोलीत मेलेला सापडला. डॉक्टरांनी ताप लिहिलं. त्याच्या उशाची मेणबत्ती वितळून पसरली होती, पण वात पेटवलेलीच नव्हती. हे तेजसने स्वतः बघितलं. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत तेजसने निवडलं. डाग पुण्यावर. आनंद गेल्यावर आकडा पुन्हा लहान झाला होता, म्हणून तो तगला. मग मी आले.

तुला माहीत होतं, असं मी म्हटलं. हो, म्हणाला. सॉरी, असंही म्हणाला. मला त्याच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला, आणि त्याच वेळी कळत होतं की त्याच्या जागी मीही कदाचित गप्पच बसले असते. नवा माणूस आला की तू सुटशील, म्हणाला. एप्रिलअखेर एक मुलगी येतेय.

२४ मार्च

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की दोन-तीन माणसांचं असं झालं यावरून काही सिद्ध होत नाही, नमुना फार लहान आहे. मी म्हटलं, नमुना मोठा व्हायची वाट बघायची का? त्यांनी मला रजा घ्यायला सुचवलं.

मग तेजसने आणि मी दहावं भावंड चालवायचंच बंद करून पाहिलं. नऊच चालवली. नवव्यावर डाग. आठ चालवली. आठव्यावर. एकच चालवलं—

ते लिहिणार नाही. पुन्हा दहा केली.

३१ मार्च

एप्रिलसाठी काढलं. तेरा अंश. बाबा परवापासून पुन्हा कामावर आहेत. म्हणून काढलं.

९ एप्रिल

पुणेकर छत्र्या, टोप्या, कैरीचं पन्हं घेऊन रडताहेत. त्यांना अडतीस आहे. मला किती आहे ते बघायचं सोडून दिलं. तापमापकाचा पारा वरच्या टोकाला जाऊन बसतो.

मुक्ताईंनी गच्चीवर कुरडया घातल्यात. मी दोरीवरचे कपडे काढायला गेले आणि दमून तिथेच बसले, तर माझ्या बाजूची रांग बघता बघता कडकडीत वाळली. मुक्ताईंनी ते बघितलं. खाली जाऊन मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या, माझ्यावरून ओवाळल्या. मुठीतल्या मोहऱ्या चुलीत टाकायच्या आधीच तडतडल्या. त्या रडायला लागल्या. घरी जा गं पोरी, घरी जा, एवढंच म्हणत राहिल्या.

घरी कशी जाऊ? हे सोबत येईल.

१७ एप्रिल

दंडावर फोड. प्लॅस्टिकचा कंगवा वाकला. खुर्चीचा हात मऊ पडलाय, असंच झालं म्हणून आनंदची खुर्चीही बदलली होती म्हणे.

पाणी पिते. तोंडात जाईपर्यंत कोमट, घशात जाईपर्यंत कढत. झोप नाही.

मे महिन्याचा आकडा किती असेल?

२४ एप्रिल

ती आली. सृष्टी. वाईची. बडबडी, केसांना रबरबँड, पहिलीच नोकरी. ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले. माझ्या हातात दिलेला पेढा वितळला. तिने दुसरा दिला.

वडील नाहीत. आई शाळेत शिकवते, धाकटा भाऊ दहावीला. मी विचारायला नको होतं.

तेजस म्हणाला, सहा दिवस दम धर.

२८ एप्रिल

धरते आहे. सहा दिवस काय, धरीनच. मला जगायचं आहे. त्यात काय चुकलं? तेजसने माझ्याबाबतीत तेच केलं. मॅडमची शिस्तच आहे ही. मी काही करायचंच नाही, फक्त गप्प बसायचं. बाबाही सुटतील, मीही—

फोडांतून पाणी यायला लागलंय.

३० एप्रिल

सृष्टी माझ्या खुर्चीत बसली. मी मागे उभी. तिने नाव टाकलं. दहा नकाशे. नऊ फिकट.

डाग वाईवर.

ती टाळी वाजवून हसली. अय्या, माझं गाव! मॅम, बघा ना, माझं गाव!

अठरा अंश. मे महिना. आणि मी— मीही अशीच हसले होते. तेजस खिडकीबाहेर बघत होता. सृष्टी म्हणाली, हे काढायचं ना मॅम? माझ्या तोंडातून हो बाहेर पडत होतं. पडलंच होतं जवळजवळ.

मी तिचा हात बाजूला केला. ती ओरडली, भाजलं तिला. तिचं नाव पुसलं. माझं टाकलं.

डाग सरकला. चंद्रपूर.

काढला.

तेजस म्हणाला, तू वेडी आहेस. नंतर टेबलावर डोकं ठेवून रडला. त्याने मला शब्द दिलाय, सृष्टीला त्या खुर्चीत पुन्हा बसू देणार नाही. पुढचं तो बघेल. बघेल का?

२ मे

पडदे ओढलेत. उजेडाने नाही फरक पडत.

मुक्ताईंनी ओल्या चादरी पाठवल्या. टाकली की वाफ. भाची दारातूनच पळते.

५ मे

लाकडी दाराला तडा गेला. शाई वाळते, शब्द लिहून होईपर्यंत— पेन्सिल घेतली.

भीती वाटते. लिहून ठेवते, खूप भीती वाटते. आई हवी. पण जवळ नको. कुणी जवळ नको.

८ मे

तेजस दाराबाहेर बसून होता. आत नको येऊस म्हटलं. बर्फ आणला होता. उंबऱ्याशीच— पाणी.

बोलायला जीभ

१० मे

बाबांचा फोन. फोन हातात धरवत नाही, फरशीवर ठेवून ऐकला, ओरडून बोलत होते आनंदाने. “पोरी, यंदा तं कमालच झाली! मे हाय का श्रावण हाय? कूलर नाही लावला आम्ही. आई पांघरूण मागते रातच्याला. रूळ हाताले गार लागतात, पाहून घे! मी साऱ्या गँगला सांगतो, माझी मैत्री पुण्याला बसून गावाची हवा सांभाळते. सुट्टी काढ, ये, आंगणात झोपू सगळे—”

हो म्हटलं. येते म्हटलं. आवाज कसा आला माहीत नाही, पण त्यांना ओळखू आला.

गार आहे तिकडे. बाबांचे पाय गार आहेत. आई पांघरूण

मला आता